राखणदारिणीचं अहो-जाहो

भाजीवाल्यापुढे उभ्या राहून आमच्या वन्सं एकदा म्हणाल्या, "गुडघे टेक, नाहीतर मान टेक."

भाजीवाल्याचा वजन टाकणारा हात तसाच थांबला. "ताई, वांगी नेहमीच्याच भावानं लावलीत हो."

"तुला नाही रे बाबा," वन्सं भानावर येऊन म्हणाल्या. "सेनापतीला म्हणतेय. जमतंय का बघत होते."

त्यानंतर तो भाजीवाला त्यांना "काय ताई, कुणाची मान टेकली?" असं विचारूनच पिशवी भरायचा.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. फोटोला नमस्कार केला आणि वळून वन्संच्या पाया पडले. त्या पाय मागे घेत म्हणाल्या, "मी सासू नाही हं. मला सासू करू नकोस, मला जमायचं नाही." वडील आधीच गेलेले; आई गेली तेव्हा त्या कॉलेजात होत्या आणि भाऊ शाळेत डबा विसरायच्या वयाचा. त्यांनी कॉलेज सोडलं, टायपिंग शिकल्या आणि एका वकिलाच्या कचेरीत लागल्या. भाऊ शिकला, नोकरीला लागला, बोहल्यावर चढला. आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झालेत, तरी त्या त्याला बाळ्याच म्हणतात. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "अगं, राहूनच गेलं," त्या म्हणाल्या, जणू वाण्याकडून साबण आणायचा राहिला होता.

निवृत्त झाल्यावर वकीलसाहेबांच्या ओळखीतून त्यांना एका डबिंगच्या स्टुडिओत टायपिंगचं काम मिळालं. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहून यायचे, ते नीट टाईप करून द्यायचे, एवढंच. महिन्याभरात तिथल्या डायरेक्टरच्या लक्षात आलं की कागद आत जाताना एक असतो आणि बाहेर येताना दुसराच.

"मावशी, हे मी असं लिहिलं नव्हतं."

"माहितीये. पण असं कोणी बोलत नाही."

त्याने कपाळाला हात लावला, पण वाक्य वन्संचंच ठेवलं. पुढच्या वर्षी त्याने अख्खी मालिकाच त्यांच्या हवाली केली. 'धुक्यापलीकडचं राज्य'. तुम्हीही पाहिली असेल. घराएवढे मासे आभाळातून पोहत जातात, ती.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या शब्दातही प, ब, म असं काहीतरी यावं लागतं, नाहीतर बाहुल्या बोलल्यासारखं वाटतं. त्याचं तोंड बंद व्हायच्या आत आपलं वाक्य संपायला हवं, आणि मराठी वाक्य मेलं लांबतंच. वन्सं आरशासमोर उभ्या राहून तोंडं करायच्या. जेवतानाही समोरच्याच्या ओठांकडे त्यांची नजर. हे चिडवायचे, "ताई माझे घास मोजते."

मालिकेतली राखणदारीण वन्संची सगळ्यात लाडकी. राजधानीच्या वेशीच्या किल्ल्या हिच्याकडे. आधी डायरेक्टरने तिला 'द्वारपालिका' म्हटलं होतं. वन्सं म्हणाल्या, "द्वारपालिका म्हटलं की पाणीपट्टी भरायची आठवण होते," आणि राखणदारीण केलं. ही राजाची आत्या. आईबाप युद्धात गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, गादीवर बसवलं आणि स्वतः वेशीवर जाऊन उभी राहिली. सात सीझन उभीच. वादळं आली, मासे आले, वेढे पडले, दार उघडलं नाही. आणि आठव्या, शेवटच्या सीझनमध्ये ती एका रात्री उठते आणि शत्रूला वेस उघडून देते.

मूळ मालिका आपल्याकडच्या आधी दाखवली जाते, त्यामुळे ही बातमी फुटलीच होती आणि गावभर नुसता धुरळा. ह्यांच्या ऑफिसात तर दोन तट पडले. घरी आले की बूट काढायच्या आत सुरू.

"ताई, पटतच नाही. सात वर्षं जीव टाकला तिनं त्या पोरावर. एका भागात फिरली? कारण काय?"

"मला काय विचारतोस? मी लिहिलंय होय ते?"

"मराठीत तूच लिहितेस की."

"मराठीत लिहिते म्हणजे दार मी उघडलं का?" वन्सं म्हणायच्या. पण चिडलेल्या त्याच जास्त होत्या. ज्या बाईच्या तोंडी सात सीझन शब्द घातले, तिने पाठ फिरवली आणि आपल्याला कारण सांगितलं नाही, असं काहीसं झालं होतं त्यांचं. "घाई झालीय लिहिणाऱ्यांना," त्या म्हणायच्या. "तीन भागांचा ऐवज एका भागात कोंबलाय. झाकण लागत नाहीये डब्याचं, तरी दाबताहेत."

मी एकदा मध्ये बोलले. "मला वाटतं, ती वैतागली असेल. सात सीझन दारात उभी आहे. एकदा तरी कोणी म्हणालं का तिला, की बाई, आत ये, बस जरा?"

"हे तू तुझं सांगतेयस," हे हसून म्हणाले.

"माझं नाही, मालिकेचं सांगतेय. माझं सांगायला बसले तर तुमचं जेवण राहील."

हसण्यावारी गेलं. वन्सं मात्र माझ्याकडे बघत राहिल्या होत्या.

मग एके दुपारी डायरेक्टरचा फोन आला. वन्संनी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला, कारण हात पिठाचे होते. म्हणून मीही ऐकलं.

"मावशी, तिसऱ्या भागात घोळ झालाय. राखणदारीण राजाला जेवण घेऊन येते, तिथे ती त्याला 'तुम्ही जेवलात का' म्हणते. दरबारात 'आपण', एकांतात 'तू', असं आपलं पहिल्या सीझनपासून ठरलंय ना? रेकॉर्ड होऊन गेलंय. वरच्या लोकांनी चूक काढलीय. ते म्हणताहेत, मावशी थकल्या असतील, शेवटचे दोन भाग दुसऱ्याकडून लिहून घ्या."

पिठाचा हात तसाच हवेत.

"मावशी? ऐकताय ना?"

"चूक नाहीये ती," वन्सं म्हणाल्या. "उद्या येते. समोर बोलू." आणि कोपराने फोन बंद केला.

मग माझ्याकडे वळल्या. "चूकच आहे गं. हातून गेलं. मला कळलंसुद्धा नाही."

मूळ भाषेत हा भेदच नाही. लहानमोठ्या, परक्या-आपल्या सगळ्यांना एकच शब्द. तू की तुम्ही, हे मराठीत लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. वकिलाच्या कचेरीत मोठमोठे करारनामे टाईप केलेल्या वन्संच्या हातून असली चूक होणं म्हणजे नवलच.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "त्या दिवशी बाळ्या फोनवर कुणाला तरी सांगत होता, कधीही या, ताई काय, घरी रिकामीच असते. मी आत लिहीतच बसले होते. दार उघडं होतं. जेवायला बसल्यावर मी त्याला म्हटलं, तुम्हाला आणखी वाढू का?"

"मग?"

"मग काय! मान वर न करता म्हणाला, अगं नको, किती वाढतेस. त्याला वाटलं, तू बोललीस."

मला एकदम आठवलं. मी पाणी आणायला उठले होते आणि ह्यांनी उत्तर मला दिलं होतं. नवऱ्याला अहो-जाहो करणारी घरात मी एकटीच, त्यामुळे 'तुम्हाला' म्हटलं की ती मीच. मी न विचारताच हे 'नको' म्हणताहेत, म्हणून मी हसलेही होते. आता हसू येईना.

"बोलला नाहीत तुम्ही त्यांना?"

"काय बोलायचं? मी तुला तुम्ही म्हणाले, ते तुला कळलं नाही, असं? जेवले, आत गेले आणि तो प्रसंग लिहिला." थोडं थांबून म्हणाल्या, "शेवटचे दोन भाग दुसऱ्या कुणी लिहिले ना, तर तो तिला नुसती वेडी करून टाकेल. किंचाळत दार उघडेल ती. सात सीझन सांभाळलंय मी तिला. उद्या चल माझ्यासोबत. भांडायला जातेय, पिशवी धरायला कोणीतरी हवं."

स्टुडिओ मी प्रथमच पाहिला. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखे फोमचे चौकोन, मध्ये काच, चपला बाहेर. आत शिरताना एका मुलीने माझ्या हातांकडे बघून सांगितलं, "काकू, बांगड्या काढा नाहीतर हात बांधून बसा." मी हात बांधून बसले. माइकजवळ एका ताटलीत केळी ठेवली होती. मला वाटलं पाहुण्यांसाठी असतील. मग कळलं, रिकाम्या पोटाचं गुरगुरणंसुद्धा माइकला ऐकू येतं, म्हणून कलावंत आधी केळं खातात.

डायरेक्टर वाईट माणूस नव्हता. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, गळ्यात हेडफोन, डोळ्यांत झोप. "मावशी, माझी अडचण समजून घ्या," तो म्हणाला. "ही बाई एकाएकी फिरली, म्हणून लोक आधीच मूळ मालिकेला शिव्या घालताहेत. त्यात आपण तू-तुम्हीचा गोंधळ घातला तर म्हणतील, बघा, मराठीवाल्यांना एवढंही येत नाही. आणि ते खोटंही नसेल."

"एकाएकी फिरली, हाच तर दोष आहे ना?" वन्सं म्हणाल्या. "मग तिला तिसऱ्या भागापासूनच फिरू दे की. चित्र तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. त्यांनी कारण दाखवलंच नाही. आपल्याकडे एक शब्द आहे. पोटच्या पोरासारख्या पोराला बाई तुम्ही म्हणायला लागली, की मराठी माणसाचे कान टवकारतात. काहीतरी बिनसलंय, हे त्याला कळतं."

"नाही कळत, मावशी. चूक वाटते."

आमच्या जेवणाच्या टेबलावर काय झालं, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

राखणदारिणीला आवाज देणारी बाई कोपऱ्यात कोमट पाणी पीत बसली होती. जुनी नाटकवाली, घसा खरखरीत. ती म्हणाली, "मला तर ते मुद्दामच केलंय असं वाटलं होतं. म्हणून मी तो 'तुम्ही' जरा थंड म्हटला. आता पुन्हा तू म्हणायला लावाल तर म्हणेन, पण ते गोड होणार नाही."

आणि तिच्या शेजारचा मुलगा, जो दिवसा विमा कंपनीत बसतो आणि संध्याकाळी राजा होतो, तो बिचकत म्हणाला, "मी तेव्हाच विचारणार होतो. मला वाटलं, आत्या मला अहो-जाहो का करतेय? मी काय केलं?"

वन्सं ताडकन उठल्या. "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"मी... काय केलं?"

"त्याच्या आधीचं."

"आत्या मला अहो-जाहो का करतेय?"

"हे!" वन्संनी डायरेक्टरच्या खांद्यावर थाप मारली, हेडफोन घसरले. "हे राजाच्या तोंडी घाल. एकदा त्याने विचारलं की ती चूक राहत नाही. बघणारा म्हणेल, अरेच्चा, खरंच की, ही कधीपासून असं बोलतेय?"

"घाल म्हणे! कुठे घालू? मुळात असं वाक्य नाहीच. ओठ कुठून आणू?"

"पाठमोरा बघ कुठे."

डबिंगमधली ही जुनी युक्ती. माणूस पाठमोरा असला की त्याचे ओठ दिसत नाहीत आणि मराठीचं लांबलेलं शेपूट तिथे उरकून घेता येतं. सगळेच उरकतात. पण मुळात नसलेला अख्खा प्रश्न तिथे बसवणं, हे शेपूट नव्हे. डायरेक्टर हनुवटी खाजवत बसला. मग पुढचे भाग पळवत बघायला लागला. चौथा भाग, राजा तोंडाने समोर. पाचवा भाग, नकाशा, घोडे, पुन्हा तोंड समोर. आणि मग एक खोली आली, शेकोटीची. राजा खिडकीतून बाहेर बघत उभा, आपल्याकडे पाठ. चांगला वेळ उभा. शेकोटी नुसती तडतडतेय.

"इथे," वन्सं म्हणाल्या.

"इथे बसेल," डायरेक्टर कबूल झाला. "पण लगेच पुढे ती आहे, जवळून. उत्तर कुठे देईल?"

पुढच्या चित्रात राखणदारिणीचा चेहरा पडदाभर होता. ओठ घट्ट मिटलेले. वन्संनी ते चित्र पुढेमागे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. मला वाटतं, त्या फट शोधत होत्या.

"नाही देणार," शेवटी त्या म्हणाल्या. "उत्तराला जागा नाही."

"बरं, आणि चौथ्या भागाचं काय? तिथे ती त्याला तू म्हणते. मध्येच तुम्ही, मध्येच तू, असं चालायचं नाही. ती सगळी वाक्यं ओठांत बसवून दिलीत, तर मी वर बोलतो. शिव्या मी खातो."

वन्सं तिथेच बसल्या, मी त्यांना केळं सोलून दिलं. त्या एकेक वाक्य पडद्याकडे बघत पुटपुटत होत्या. 'थांब' होतं, त्याचं 'थांबा' केलं. 'बस' होतं, त्याचं 'बसा' झालं. नुसता एकेक काना वाढत होता. "बघ, मूळ बाईचं तोंड शेवटी उघडंच राहतंय," त्या मला हळूच म्हणाल्या. "काना तिच्याकडे आधीपासून होता. मीच दिला नव्हता." एक वाक्य मात्र हट्टाला पेटलं. 'तुला काय कळतंय?' तिथे 'तुम्हाला' मावेना, तोंड आधीच मिटत होतं. खूप झगडून शेवटी त्यांनी 'कळतंय का काही?' एवढंच ठेवलं, तू नाही आणि तुम्हीही नाही. नाटकवालीने ते म्हणून पाहिलं आणि स्वतःच शहारली. "ह्यात तर आणखी विष आहे हो," ती कौतुकाने म्हणाली.

निघताना डायरेक्टर जिन्यापर्यंत आला. "मावशी, खरं सांगा. ते पहिलं तुम्ही मुद्दाम लिहिलं होतंत?"

"नाही," वन्सं चपलेत पाय घालत म्हणाल्या. "पण आता आहे."

तो हसला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, शेवटचे भाग तुम्हीच लिहा. वन्संनी तो मला वाचून दाखवला आणि लगेच आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

पाचवा भाग लागला त्या संध्याकाळी हे वेळेवर घरी आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काम चालू असलेल्या भागाबद्दल वन्सं घरात चकार शब्द काढत नाहीत, तशी सहीच करून दिलेली आहे. मलाही त्यांनी दम दिला होता. तिसऱ्या-चौथ्या भागाच्या वेळी ह्यांनी नाही म्हणायला एकदा विचारलं होतं, "ताई, ही त्याला तुम्ही म्हणतेय का? की मलाच तसं ऐकू आलं?" वन्संनी "बघ की पुढे," म्हणून टोलवलं होतं.

शेकोटीची खोली आली. पाठमोरा राजा. तडतड. आणि विमा कंपनीतल्या त्या पोराचा आवाज, हळू, थोडा घाबरल्यासारखा, "आत्या, मला अहो-जाहो का करतेस?"

मग ते मिटलेले ओठ.

"बघा!" हे एकदम सरसावून बसले. "मी म्हटलं नव्हतं? केव्हापासून म्हणतेय ती तुम्ही. म्हणजे आतून तुटलीच होती! आता पटतं." मग पुन्हा पडद्याकडे बघत जरा नाराजीनेच म्हणाले, "पण त्याने विचारलं तर सांगायचं ना तिनं. बिचारा विचारतोय. न सांगता कसं कळणार माणसाला?"

"तोंड मिटलेलं होतं रे तिचं," वन्सं म्हणाल्या. "मिटल्या तोंडात मला शब्द घालता येत नाहीत."

"हो, पण काय केलं होतं त्याने?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. ते त्यांचं दोघांचं होतं.

"काही फार नाही," त्या म्हणाल्या. "तो कुणाला तरी सांगत होता, ताई काय, घरी रिकामीच असते."

ह्यांना आधी वाटलं, मालिकेतलंच सांगताहेत. "कधी? कितव्या भागात?" असं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग म्हणाले, "मी असं म्हणालो?"

"म्हणालास."

"कधी गं?"

"फोनवर. मी आत लिहीत होते. मग जेवताना मी तुला तुम्ही म्हटलं, तर तू हिला उत्तर दिलंस."

"हिला?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"अगं, पण तेव्हाच बोलायचंस ना! मला काय... मी आपलं तो माणूस कधी येऊ विचारत होता म्हणून..." हे अडखळले. "रिकामी म्हणजे मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं होतं म्हणायचं?"

हा प्रश्न वन्संनी अजिबात न रागावता विचारला होता. हे आता शब्द शोधायला लागले. एक घेतला, टाकला, दुसरा घेतला. वन्सं त्यांच्या ओठांकडे बघत थांबल्या होत्या. घाई करत नव्हत्या.

मी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. पडद्यावर वेशीचं प्रचंड दार आवाजाविना उघडत होतं, धुकं आत येत होतं, त्याच्या मागून मशाली. ज्या दारावरून गावभर भांडणं झाली ते दार, आणि आमच्या घरात त्याकडे बघायला कोणालाच सवड नव्हती.